यादीतून खोडलेलं नाव

॥ श्री ॥

भावनगर,
ता. २९ जुलै १९८६

ती. सौ. तरुफईस,
बीजलचे सा. न. वि. वि.

हे पत्र फुवांकडून वाचून घेऊ नका. माझी पत्रं तुम्ही पोळ्या लाटता लाटता त्यांना मोठ्यानं वाचायला लावता, हे मला ठाऊक आहे. या वेळी हात धुवा, दार लावा आणि स्वतः वाचा. इकडे सर्व क्षेम असं लिहायची सवय आहे, पण तसं नाही.

पप्पांनी बहिणीला धाडलेलं अंतर्देशीय तुम्हाला पोचलं असेल. निमेषभाईच्या स्कूटरचा धक्का गाठियावाल्या लवजीकाकांच्या सायकलला लागला, काकांचं उजवं मनगट मोडलं, भाईला काही झालं नाही, असं त्यांनी लिहिलं असणार. त्यात एक गोष्ट खोटी आहे आणि ती पप्पांनाही माहीत नाही. स्कूटर भाई चालवत नव्हता. मी चालवत होते.

पंधरा दिवस भाई मला सकाळी लवकर शिकवत होता. मम्मीला सांगायचो की देरासरात दर्शनाला जातो. जायचोही, पण आधी स्कूटर आणि मग दर्शन. रविवारी गल्लीच्या तोंडातून लवजीकाका सायकलवर बाहेर आले, मागे टोपलीत पपया होत्या. मी ब्रेक दाबायचा तर उलट मूठ पिळली. भाई मागून ओरडला, तेवढंच आठवतं. मग काका रस्त्यावर आडवे, पपया गटारापर्यंत गेलेल्या आणि मी स्कूटरच्या पलीकडे गुडघ्यावर.

भाईनं मला उभं केलं आणि म्हणाला की घरी पळ, तुझ्याकडे लायसन नाही, मी बघतो. आणि फई, मी पळाले. माणूस रस्त्यात कण्हत होता आणि मी पळाले. घरी येऊन आंघोळ केली, फुटलेल्या गुडघ्यावर हळद दाबली आणि मम्मीला सांगितलं की आज पाय दुखत होते म्हणून अर्ध्यातूनच परत आले. पोलीस जमादार आला तेव्हा भाईनं सांगून टाकलं की गाडी तो चालवत होता आणि एकटाच होता.

भाईची बँकेत निवड झालीय, ते तुम्हाला माहीतच आहे. आता पोलिसांचा दाखला तेवढा यायचाय आणि तो याच चौकीतून जाणार. काकांनी अजून तक्रार दिलेली नाही. दिली तर दाखल्यावर शेरा पडेल आणि भाईची तीन वर्षांची मेहनत माझ्या एका मुठीनं मातीत जाईल. काकांनी मला पाहिलं की नाही, तेही कळत नाही. काय करू ते लिहा.

फुवांना नमस्कार. तुमचा लोभ नेहमीचाच आहे. हे वाचूनही तो तेवढाच राहिला तर मी सुटले.

आपली,
बीजल

॥ श्री ॥

बडोदे,
श्रावण सुद ३

चि. बीजल हीस,
तरुफईचे अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र वाचलं आणि चुलीत घातलं. फुवांनी विचारलं काय आलंय, तर म्हटलं भावनगरला दुष्काळ आहे. ते म्हणाले, बडोद्यातही आहे. विषय संपला.

बाई गं, तुझं नाव बीजल मी ठेवलं ते काही तू विजेसारखी लोकांवर पडावीस म्हणून नाही. मला आधी सांग, गुडघा पिकला का? नुसती हळद नको, धुवून घे. आणि आता नीट ऐक. तोंड बंद. पप्पांपुढे बंद, मम्मीपुढे बंद आणि तुमच्या त्या वकील जयंतीमामांपुढे तर कुलूप. त्यांना कळलं तर ते त्याचाही एक स्टॅम्पपेपर करतील. निमेषनं भावाचं काम केलंय. आता तू हिरॉइन व्हायला जाशील तर त्याचं केलेलं वाया जाईल आणि खोटं बोलला म्हणून वर आणखी गोत्यात येईल. त्याचा दाखला एकदा जाऊ दे, मग काय ते रडून घे.

एवढं मात्र कर. लवजीभाईंच्या घरी जा. काही सांगू नकोस, पण जा, बस, पाणी भरून दे, औषध आणून दे. पस्तीस वर्षं त्या माणसाच्या हातचे गाठिये खाल्लेत मी. पाटावर पिठाचा गोळा ठेवून तळहाताच्या टाचेनं असा एक लांब रेटा देतात ना, तो भावनगरात दुसऱ्या कुणाला जमत नाही. तोच हात मोडलाय.

आणि लोभाचं काय विचारतेस? तो काय दूध आहे नासायला? पत्र धाडत जा.

तुझी,
तरुफई

॥ श्री ॥

भावनगर,
ता. २१ ऑगस्ट १९८६

ती. सौ. तरुफईस,
बीजलचे सा. न. वि. वि.

तुमच्या सांगण्याप्रमाणे तोंड बंद आहे. पण आता ते बंद ठेवणं पूर्वीपेक्षा कठीण झालंय.

मी एक दिवसाआड काकांकडे जाते. घरच्यांना वाटतं भावाची चूक बहीण निस्तरतेय, केवढी गुणाची. दुकान त्यांचा भाचा चालवतो. त्याचे गाठिये म्हणजे फई, दात आधी मोजून मग खावेत असे. लोक पप्पांना रस्त्यात अडवून ऐकवतात. काल देरासराच्या पायरीवर एक आजोबा म्हणाले की रसिकभाई, तुमच्या चिरंजीवानं माणूस एक पाडला पण नाश्ता साऱ्या गावाचा मोडला. पप्पा हसले, पण घरी येऊन चहा न घेता आत जाऊन पडले.

जयंतीमामांनी एक कागद इंग्रजीत टाइप करून आणला होता. सायकलवाला न बघता रस्त्यात आला, निमेष गाडी हळू चालवत होता, माझी काही तक्रार नाही, असा. काकांनी तो भाच्याकडून दोनदा वाचून घेतला आणि म्हणाले की हात प्लास्टरमध्ये आहे, सही कशी करू. मामा म्हणाले अंगठा चालेल. काका म्हणाले की अंगठा डावा असला तरी माझाच आहे ना, प्लास्टर निघू दे मग बघू. मामांच्या मते हा अडवणुकीचा डाव आहे आणि कुणीतरी त्यांचे कान भरतंय. भाईचा दाखला दहा सप्टेंबरला चौकीतून पुढे जायचाय. मामा रोज कॅलेंडर बघतात.

पण खरं भिण्यासारखं पुढेच आहे. सोमवारी मी काकांना गरम पाणी देत होते. भाचा बाहेर गेला होता. काकांनी पेला घेतला आणि अगदी हळू विचारलं की बेटा, गुडघा बरा झाला का.

मी तर तिथे नव्हतेच ना, फई! माझ्या गुडघ्याचं कुणालाही माहीत नाही. मी हो म्हटलं की नाही तेसुद्धा आठवत नाही. तशीच उठून घरी आले. म्हणजे दुसऱ्यांदा पळाले.

परवा राखी बांधली. भाईनं ओवाळणीत लायसनचा फॉर्म घातला आणि म्हणाला की आता माझ्यासारखं तूही पाड, पण कायदेशीर. सगळे हसले. मी हसता हसता रडायला लागले, तर मम्मीला वाटलं भाऊ नोकरीला बाहेरगावी जाणार म्हणून.

तुमच्या पत्राची वाट पाहते. लोभ धरलाय तसाच घट्ट धरून ठेवा, हात सोडू नका.

आपली,
बीजल

॥ श्री ॥

भावनगर,
ता. २ सप्टेंबर १९८६

ती. सौ. तरुफईस,
बीजलचे सा. न. वि. वि.

अक्षर वाकडं आलंय, माफ करा. अठ्ठाई धरलीय. पर्युषणाचे आठही दिवस, संवत्सरीपर्यंत, फक्त उकळलेलं पाणी. आज तिसरा उपास. मम्मी म्हणते एवढं अंगावर कशाला घेतलंस, दोन केले असतेस तरी चाललं असतं. तिला काय सांगू!

आज आम्ही संवत्सरीची कार्डं लिहायला बसलो. दरवर्षीचीच, वर्षभरात मनानं, वाचेनं, कायेनं, जाणता-अजाणता दुखावलं असेल तर हात जोडून क्षमा मागतो, खाली सहपरिवार पप्पांचं नाव. तीनशे पंधरा छापून आणलीत. पप्पा वहीतून नावं वाचतात, मी पत्ते घालते. मद्रासच्या त्या मंडळींना घातलं, ज्यांना आपल्यापैकी कुणीही बघितलेलं नाही. जामनगरच्या हिराकाकांना घातलं. ते वारलेत, पण त्यांचं नाव काढायला कुणाचा हात होत नाही म्हणून दरवर्षी जातं. पोस्टमन, धोबी, भाईचे जुने मास्तर, सगळ्यांना.

मग पप्पांनी वाचलं, लवजीभाई गाठियावाला. मामा तिथेच बसले होते. त्यांनी वहीवर हात ठेवला. म्हणाले की यंदा हे नाव नाही. छापील असो की काही असो, सहीनिशी क्षमेचा कागद त्यांच्या हाती गेला तर उद्या कोर्टात तो कबुलीजबाब होईल. पप्पा म्हणाले की दर वर्षी जातं, यंदा नाही गेलं तर काय वाटेल त्यांना. मामा म्हणाले की वाटू दे, मुलाची नोकरी बघा. पप्पांनी बराच वेळ पेन हातात धरून ठेवलं आणि मग नाव खोडलं. भाई खिडकीकडे तोंड करून उभा राहिला.

फई, तीनशे चौदा माणसांची क्षमा मागतोय आम्ही, आणि यातल्या एकाचंही काही बिघडवलेलं मला आठवत नाही. ज्या एका माणसाचा हात मोडला त्याचंच नाव खोडलं. संवत्सरीच्या संध्याकाळी प्रतिक्रमणाला बसून सगळ्या जिवांची क्षमा मागायची. कुठल्या तोंडानं मागू? मुंगी-डासांची मागीन, आणि काकांची?

एक कार्ड उरलंय. ते मी माझ्या कॉलेजच्या वहीत ठेवलंय. माझं कार्ड गेलं तर भाईची नोकरी जाईल. नाही गेलं तर माझे आठ उपास म्हणजे नुसतं पोट रिकामं ठेवणं. तुमचं पत्र येईपर्यंत थांबते. पण संवत्सरी सात तारखेला आहे, पोस्टाला सांगा.

तुमच्या लोभावरच हे पाणी पिऊन दिवस काढतेय.

आपली,
बीजल

॥ श्री ॥

बडोदे,
ता. ५ सप्टेंबर

चि. बीजल हीस,
तरुफईचे अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र आज सकाळी आलं. टपाल निघायच्या आत लिहिते, म्हणून तिथीसुद्धा घातली नाही.

तोंड बंद ठेव असं मीच सांगितलं होतं. ते चुकलं असं म्हणवत नाही आणि बरोबर होतं असंही म्हणवत नाही. तुझं पत्र वाचलं आणि माझ्या स्वतःच्या कार्डांकडे बघितलं. माझ्या मोठ्या जाऊबाई दोन गल्ल्यांपलीकडे राहतात. एका लग्नात पंगतीवरून बिनसलं, त्याला पंधरा वर्षं झाली. आम्ही बोलत नाही. पण कार्ड? ते दरवर्षी पोस्टानं जातं आणि त्यांचं पोस्टानं येतं. पोस्टमन हसत असेल. आज दुपारी मी चप्पल घातली आणि त्यांच्या दारात जाऊन उभी राहिले. पुढचं भेटीत सांगेन. डोळे अजून सुजलेत, फुवा म्हणतात डॉक्टरला दाखव.

पण बेटा, तू दहा तारखेपर्यंत थांब. पाच दिवसांचाच प्रश्न आहे. दाखला गेला की मी पहिल्या बसनं येते आणि आपण दोघी लवजीभाईंच्या दारी जाऊ. क्षमा तीन दिवस उशिरा मागितली तर शिळी होत नाही. भावाच्या अन्नात माती कालवू नकोस. थांब, एवढं माझं ऐक.

पारणं मुगाच्या पाण्यानं सोड, एकदम शिऱ्यावर पडू नकोस. माझा जीव तुझ्याकडे लागलाय.

तुझी,
तरुफई

॥ श्री ॥

भावनगर,
ता. ९ सप्टेंबर १९८६

ती. सौ. तरुफईस,
निमेषचे सा. न. वि. वि.

तुमचं पाच तारखेचं पत्र काल दुपारी आलं. तोपर्यंत सगळं होऊन गेलं होतं.

मला सगळं लिहायला जमत नाही, मुद्द्याचं लिहितो. संवत्सरीला, सात तारखेला, प्रतिक्रमणाच्या आधी बीजल कुणाला न सांगता लवजीकाकांच्या घरी गेली आणि दाराखालून कार्ड सरकवून आली. आठ उपासांची मुलगी, भिंतीला धरून चालत गेली असणार. छापील मजकुराच्या खाली तिनं हातानं लिहिलं होतं की स्कूटर मी चालवत होते, भाई नव्हता, तुम्हाला पडलेलं टाकून मी पळाले, त्याची क्षमा मागते. खाली सही, पूर्ण नाव.

काल तिचं पारणं होतं. पाटावर बसली, सगळे नातेवाईक जमलेले, मम्मीनं मुगाच्या पाण्याची वाटी पुढे केली. तिनं वाटी हातात घेतली आणि घोट घ्यायच्या आधी सगळं सांगितलं. स्कूटरचं, पळाल्याचं, कार्डाचं. मम्मीच्या हातातला चमचा खाली पडला. जयंतीमामा उठून बोलायला लागले. मी त्यांना इतकं मोठ्यानं बोलताना कधी ऐकलं नव्हतं. म्हणाले की निमेषनं पोलिसांना खोटं सांगितल्याचा पुरावा आता आपण आपल्या हातानं घरपोच केलाय. पप्पांनी बीजलला वाटी रिकामी करायला लावली, मग आतून वही आणली आणि खोडलेलं नाव खाली पुन्हा लिहिलं.

आज सकाळी भाचा धापा टाकत आला. काकांचं प्लास्टर काल निघालं. आज त्यांनी स्वच्छ धोतर नेसलं, ते कार्ड खिशात घातलं आणि एकटेच पोलीस चौकीत गेले. भाचा बरोबर निघाला तर त्याला दुकान बघ म्हणून परत धाडलं. तास झाला, बाहेर आलेले नाहीत. मामा चौकीकडे गेलेत. दाखला उद्या जायचाय.

तुमच्यापाशी खोटं लिहीत नाही, बीजलवर मी काल खूप ओरडलो. रात्रभर तिच्याशी बोललो नाही. पण सकाळी आरशापुढे उभा होतो तेव्हा लक्षात आलं की सहा आठवड्यांनी प्रथमच मी त्या गल्लीचा विचार न करता दाढी केली. भीती वाटतेय, तरीही. काय होईल ते कळवतो.

आशीर्वाद असू द्या; आज त्यांची गरज आहे.

आपला,
निमेष

॥ जय श्रीकृष्ण ॥

भावनगर,
ता. ११ सप्टेंबर १९८६

चि. बीजलबेन हिला,
लवजीकाकाचे आशीर्वाद.

डाव्या हातानं लिहितोय. सहा आठवड्यांत तेवढं शिकलो. उजवा अजून लाकडासारखा आहे, डॉक्टर म्हणतो पीठ मळ म्हणजे सुटेल. हे भाच्याच्या हाती धाडतो, कारण समोर आलीस तर तू रडशील आणि मग मला बोलायचं सुचणार नाही.

चौकीत काय झालं ते तुझ्या मामांनी आपल्या पद्धतीनं सांगितलं असेल. मी जमादाराला एवढंच म्हटलं की गाडीवर मुलगी होती, मी वेणी बघितली होती, मुलाचं नाव कागदावर आहे ते काढ. तक्रार माझी तेव्हाही नव्हती, आजही नाही. जमादार म्हणाला की काका, सहा आठवडे गप्प का बसलात? तो आधी मला पाव किलो गाठिये आणि मिरच्या कधी मिळणार ते विचारत होता, मग कामाला लागला. गुन्हा कधी नोंदलाच नव्हता, नुसती चौकीच्या डायरीत नोंद होती. तुझ्या भावालाही त्यानं बोलावून दोन शब्द सुनावले, ते त्यानं खाली मान घालून ऐकले. काल दाखला शेरा न पडता गेला. मी समोर उभा राहून बघितला. तुला मात्र लायसन नसल्याचा दंड आहे, पप्पांबरोबर जाऊन भर. तो माझ्यानं माफ होत नाही आणि होत असता तरी केला नसता.

आता माझं ऐक. कार्ड दोन्हीकडून जायचं असतं ना तुम्हा जैनांत? तर माझंही घे. तुझ्या मामांच्या कागदावर मी सही केली नाही ती त्यात खोटं होतं म्हणून, हे खरं आहे. पण ते एवढंच खरं नाही. पस्तीस वर्षं मी सगळ्यांना सकाळचा नाश्ता बांधून देतो, कुणी माझ्या घराची पायरी चढलं नव्हतं. त्या सहा आठवड्यांत वकील आले, तुझे पप्पा आले, फळं घेऊन आले, खुर्ची नाही म्हणून खाटेवर बसले. मला बरं वाटत होतं. मुलाची नोकरी माझ्या सहीत अडकलीय हे ठाऊक असून मी मजा बघत बसलो. तुला गुडघ्याचं विचारलं तेही थोडं तुला घाबरवायलाच. तू कार्ड टाकून गेलीस त्या रात्री मला माझीच लाज वाटली. आणि त्या सकाळी घंटी न वाजवता मी गल्लीतून बाहेर आलो होतो, हेही तुझ्या घरी सांग.

लायसन काढ आणि गाडी नीट शीक. माझ्या गल्लीपाशी आलीस की हॉर्न वाजव. दुकानाकडे ये, पहिला घाणा वाकडा झाला तरी तुम्हीच खायचा.

आणखी एक. दर संवत्सरीला माझ्याकडे गिऱ्हाइकांची तीस-चाळीस कार्डं येतात. छान जाड कागद असतो, मागची बाजू कोरी. वर्षभर मी त्यांच्यावर ऑर्डरी लिहितो, कुणाचं पाव किलो, कुणाचं अर्धा. पुढून काय छापलंय ते मी आजवर कधी वाचलं नव्हतं. तुझं दोनदा वाचलं. त्याच्या मागे ऑर्डर लिहिलेली नाही.

घरच्या सगळ्यांना जय श्रीकृष्ण. येणं-जाणं तुटू देऊ नका.

लवजीकाका